दुसरी बाटली

बिभीषणने आज पुन्हा दोन बाटल्या भरल्या.

नीलांबरीने टाकीच्या जिन्यावरून ते नीट पाहिलं. डिस्टिलरीचं सांडपाणी शुद्ध होऊन जिथून ओढ्यात पडतं, तिथे रोज दहाला नमुना घ्यायचा. एक बाटली, एक सील, रजिस्टरात एक नोंद. पुण्याच्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये तिने हे नियम घोकले होते, वर्गात पहिली आली होती. आणि इथे ते शिकवायला कोण, तर बिभीषण! दहावी नापास, पाथर्डीकडचा, बावीस वर्षं याच टाक्यांवर काढलेला. त्याच्या हाताखाली तीन महिने काढल्याशिवाय इंजिनिअरबाई कायम होणार नव्हत्या.

एक बाटली सील होऊन प्रयोगशाळेत गेली. दुसरी फडक्यात गुंडाळून पिशवीत, भाकरीच्या खाली.

"काका, ती दुसरी कशाला?"

"असू द्या की, मॅडम. समदं एकदम शिकवीत न्हाई मी. तुमचं तीन महिनं भरू द्या, मग सांगतो."

"सील नसलेला नमुना गेटबाहेर न्यायचा नाही, असं वर्गात शिकवलंय आम्हाला."

"वर्गात वढा हुता का?" तो हसला आणि चालू लागला.

ते हसणं तिला चांगलंच झोंबलं. त्या संध्याकाळी तिने मुद्दाम पाळत ठेवली. घर पाथर्डीकडे असलेला हा गृहस्थ पिशवी छातीशी धरून नगरच्या एसटीत चढला.

तिने जुनी रजिस्टरं काढली. आकडे कधी मर्यादेत, कधी बाहेर. वर्षात चार वेळा डिस्टिलरी बंद ठेवावी लागलेली. धड चालणाऱ्या प्लांटचे आकडे अशा उड्या मारतात होय? हा नमुन्यात काहीतरी कालवतोय आणि बाहेर कुणाला तरी पुरवतोय, अशी तिची खात्रीच झाली. पुढच्या महिन्यापासून त्याच रजिस्टरवर तिची सही लागणार होती. खोट्या नमुन्याखाली सही म्हणजे नोकरी तर जाणारच, वर खटला.

मॅनेजर आप्पासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"शिकलेलं माणूस लागतं ते यासाठीच," ते म्हणाले. "लेखी द्या. कलमासकट."

तिने दीड पान लिहून दिलं, एकही खाडाखोड न करता.

मंगळवारी गेटवर पिशवी उघडली गेली. तासाभरात बिभीषणला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. त्याने वाद घातला नाही.

"मॅडम, लिवून तुमी दिलं?"

"हो. नियम आहे, काका."

"व्हय. नियम हाय." भाकरीचं फडकं उचलून तो निघून गेला. नीलांबरीला थोडं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

महिनाअखेरीला आप्पासाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून कायम केल्याचं पत्र दिलं, तोंडभर कौतुक केलं आणि नवं रजिस्टर पुढे सरकवलं.

"सगळीकडे सह्या करून टाका."

तिने पानं उलटली. पुढच्या महिन्याच्या तीसही दिवसांचे आकडे भरलेले होते. सगळे मर्यादेत.

"सर, हा महिना तर अजून उजाडायचाय."

आप्पासाहेबांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.

"तो दुसरी बाटली परस्पर नगरला तपासून रिपोर्ट जवळ ठेवायचा, मॅडम. त्याच्या धाकानं सहा वर्षं आम्हाला खरे आकडे लिहावे लागले."