भिंतीपलीकडचा पाव

वडील गेल्यावर बेकरीच्या मधोमध भिंत उभी राहिली. वडिलांच्या हाताची चव मात्र आपल्याच वाट्याला आली, असं थोरला ज्याला त्याला सांगत सुटला. भिंतीपलीकडे धाकटाही तेच सांगत होता.

रोज सकाळी थोरल्याची बायको चहासोबत दोन बशा ठेवायची. एकीत घरचा पाव, दुसरीत धाकट्याचा. नावं ठेवायची तर चाखून ठेवावीत, हा थोरल्याचा न्याय.

"याला म्हणतात पाव," पहिला पाव चहात बुडवत तो म्हणाला. मग दुसऱ्याचा तुकडा मोडून त्याने नाक मुरडलं. "आणि हे लाकूड. बाबा असते तर कान उपटले असते त्याचे."

"बरोबर आहे तुमचं," म्हणत बायकोने बशा उचलल्या आणि ती मागच्या दारी आली. भिंतीपलीकडे धाकटी जाऊ भांडी घासत होती.

"अगं, आजही मी पाव अदलाबदल करून वाढले," थोरली हळूच म्हणाली. "आमचे तुमच्या पावावर खूश, आणि स्वतःच्याच पावाला लाकूड म्हणाले. तुमच्याकडे काय?"



"इकडेही तेच, ताई. फक्त लाकडाच्या जागी चामडं म्हणाले."