घड्याळ बाबांच्या हातात

"माझ्या सामानाला हात लावू नकोस," बाबा म्हणाले.

धाकट्याने हात मागे घेतला. घडीची खुर्ची, छत्री, दुर्बीण, थर्मास असं एकेक म्हातारा स्वतःच धाकट्याच्या गाडीच्या डिकीतून काढत होता. जिन्यावरून पडल्यापासून वाकताना कंबर धरावी लागत होती, पण तोंडाचा पट्टा शाबूत होता. शेवटी डिकीही त्यानेच आपटून लावली.

"चाकात हवा भरलीस? की आजही ढकलत आणणार?"

आजूबाजूचे दोन-तीन सायकलवाले हसले. लहानपणी याच घाटात धाकट्याला दम लागला होता आणि तो सायकल ढकलत वर पोचला होता. त्या दिवशी बाबांनी सगळ्या सायकल क्लबसमोर त्याचं नाव ढकलगाडी ठेवलं. आता तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याच्या हाताखाली चार माणसं होती, तरी क्लबात ते नाव चालूच होतं.

बाबा शर्यतीच्या संयोजकांच्या टेम्पोत बसून वर गेले. तेवढ्यात दादा आला. चष्म्याच्या दुकानाचा मालक, अंगात नवी कोरी जर्सी, सायकल तर धाकट्याच्या गाडीपेक्षा चकचकीत.

"बाबांसाठी खोली रिकामी केलीस का रे?" त्याने विचारलं. "आजच न्यावं लागेल तुला."

"तू तुझी बघ."

बाबांना आता एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागच्या आठवड्यात दोघे भाऊ बाबांच्या स्वयंपाकघरात भांडत बसले होते. बाहेर बाबांचा टीव्ही ठणाणा करत होता, तो मधेच बंद झाला. दादाच्या बायकोला दमा होता, धाकट्याचं घर लहान होतं, आणि खरं कारण दोघांचंही एकच होतं. त्या माणसाबरोबर एका छताखाली कोणाला राहायचं होतं? शेवटी दादाच म्हणाला, "घाटात ठरवू. जो हरेल त्याने न्यायचं." धाकट्याने लगेच हात पुढे केला. दादाला हरवायची संधी तो जन्मभर शोधत होता.

अडचण एकच होती. या शर्यतीत एकेक जण एका मिनिटाच्या अंतराने सुटायचा आणि ज्याला वर पोचायला कमी वेळ लागेल तो जिंकायचा. वरचं स्टॉपवॉच बाबांच्या हातात असायचं. ते सांगतील तोच वेळ, ते देतील तोच निकाल. वाद घालायची क्लबात कोणाची छाती नव्हती. आणि बाबा दादाचे. दादाने काच फोडली तर चेंडूची चूक, धाकट्याने फोडली तर कानाखाली आवाज. आजही चार सेकंद इकडचे तिकडे करायला म्हाताऱ्याला काय लागणार होतं?

म्हणून धाकट्याने ठरवलं होतं. दादा एक मिनिट आधी सुटणार. त्याला रस्त्यातच गाठायचं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागे टाकायचं. मग घड्याळ काय बोलणार?

पहिल्या चढाला त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मांड्या पेटल्या, तोंडाला कोरड पडली. दुसऱ्या वळणावर दादाची पाठ दिसली. त्या पाठीकडे बघत तो पेडल मारत राहिला. इतका द्वेष आपल्यात आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या द्वेषानेच त्याला वर ओढलं.

शेवटच्या वळणाआधी त्याने दादाला गाठलं. नियम त्याला पाठ होता. पुढच्याच्या चाकामागे वाऱ्याच्या आडोशाला राहिलं की बाद. तो मुद्दाम रस्त्याच्या दुसऱ्या कडेने, समोरून वारा खात पुढे सरकला. दादाने सायकल तिरकी घालून त्याला गटाराकडे दाबलं.

"ने ना त्यांना," दादा धापा टाकत म्हणाला. "तुला सवय आहे शिव्या खायची."

धाकटा गटाराच्या काठावरून निसटला आणि रेषा पार करून रस्त्यावर आडवा झाला. उठला तेव्हा दादा नुकता येत होता. जन्मात पहिल्यांदा धाकटा त्याच्याकडे बघून हसला.

बाबांनी दुर्बीण खाली ठेवली. दादा सायकलवरून उतरेपर्यंत ते थांबले.

"हा तुझ्या चाकामागे चिकटला होता का?" त्यांनी विचारलं.

दादाने क्षणभर धाकट्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "चांगला वळणभर."

"खोटं बोलतोय, बाबा! तुम्ही दुर्बिणीतून बघत होतात. मी दुसऱ्या कडेला होतो."

"बाद," बाबा शेजारच्या लिहिणाऱ्याला म्हणाले. "ढकलगाडी बाद. पुढचा नंबर सांगा."

दादाने धाकट्याच्या खांद्यावर थाप मारली. "ठरलं होतं तसं," एवढंच बोलून तो सायकलवर बसला आणि उताराला लागला. बाबांना निरोप द्यायलाही थांबला नाही.

धाकटा तिथेच उभा राहिला. आज तरी बाबांनी खरं बोलायचं होतं, एवढं एक तरी त्याच्या पदरात टाकायचं होतं. शेवटचा सायकलवाला येऊन गेला, लिहिणारा कागद घेऊन टेम्पोकडे गेला, तेव्हा तो खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"जिंकलो होतो मी," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," बाबा कंबर धरून उठत म्हणाले. "घरी गेल्यावर डिकी जपून उघड, माझे कपडे आणि तुझ्या आईचा फोटो सकाळपासून तिथेच आहेत."