चार बोटं कापड

"वाक थोडी," शिंपी लेकीच्या कानात पुटपुटला.

लेक वाकली. मनोरंजन पार्कच्या तिकीट खिडकीशेजारी एक लाकडी अस्वल हात आडवा धरून उभं होतं. त्या हाताखालून डोकं न लागता जाईल त्या मुलाला अर्धं तिकीट. लेक सुळकन गेली. खिडकीतल्या बाईंनी तिच्या मनगटाला लहान मुलांची पिवळी पट्टी बांधली. शिंप्याने बायकोकडे असं पाहिलं, जणू मोठा किल्ला सर केला.

काल लॉजवरही हेच झालं होतं. तिथेही असंच अस्वल होतं, आणि त्याच्या हाताखाली मावणाऱ्या मुलांना राहणं आणि सकाळचा नाश्ता फुकट. लॉज पार्कपासून पाऊण तासाच्या चालीवर होतं. खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडत होती. "आपण काय खिडकीत बसायला आलोय?" असं म्हणून शिंप्याने तो प्रश्न मिटवला. नाश्त्याच्या टेबलावरून बायकोने सहा पाव पर्समध्ये सरकवले. अंडी खोलीतल्या किटलीत उकडली. मग त्याच किटलीतल्या चहाला अंड्यांचा वास आला आणि तो तिघांनीही निमूटपणे प्यायला.

या सगळ्या बचतीचा कणा म्हणजे लेकीच्या अंगातला निळा, जमिनीपर्यंतचा फ्रॉक. आत गुडघे वाकले तरी बाहेर पत्ता लागू नये, म्हणून शिंप्याने तो खास बेतला होता. अस्वलाच्या हाताची उंची त्याने आधीच फोन करून विचारून घेतली होती. त्याच्या टेपाप्रमाणे लेक बोटभरच जास्त भरत होती, आणि त्याचा टेप चुकत नसे. वीस वर्षांत त्याच्याकडे एक कपडा परत आला नव्हता. गल्लीतल्या मुलांचं तर तो सगळं वाढत्या अंगाचं शिवायचा. काठाला चार बोटं कापड आत दुमडलेलं. मूल वाढलं की उसवून सोडायचं. "पोरं काय, आपल्याला विचारून वाढतात का?" असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा.

पार्कमध्ये लेक बदकासारखी चालत होती.

"अगं, इथे कोण बघतंय? सरळ चाल की," शिंपी म्हणाला.

"असू दे. सवय राहते," ती म्हणाली.

नवे बूट चावत असतील, असं आईला वाटलं. तशी ही मुलगी महिनाभर जरा विचित्रच वागत होती. या फ्रॉकचं माप देतानासुद्धा तिने आईचा लोळता गाऊन अंगातून काढला नव्हता. थंडी वाजते म्हणे, ऐन उकाड्यात.

तिला बसायचं होतं ते फक्त एकाच गोष्टीत. उडत्या आगगाडीत. वर्तमानपत्रात आलेला त्या गाडीचा फोटो तिने कापून बाबांच्या शिलाई मशीनला चिकटवला होता, त्याला वर्ष झालं. तासभर रांगेत उभं राहून तिघं पुढे पोचले, तर तिथेही अस्वल. फक्त इथला नियम उलटा होता.

"पिवळी पट्टी? नाही हो चालणार," गाडीवाला म्हणाला. "एवढी लहान मुलं सीटच्या पट्ट्यातून निसटतात. त्या तिकडच्या घोड्यांवर बसवा तिला."

लेक रडली नाही. तिने गाडीकडे एकदा पाहिलं आणि बाबांचं बोट धरलं. "चला बाबा. घोडे पण छान असतील."

ती रडली असती तर शिंप्याला निभावून नेता आलं असतं. आता तो पुन्हा गाडीवाल्याकडे वळला.

"मापून बघा," तो म्हणाला. मागची सगळी रांग ऐकत होती. "पट्टी चुकीची आहे. लबाडी माझी आहे, तिची नाही. पूर्ण तिकिटाचे पैसे भरतो."

बायकोने पर्समधले पाव बाजूला सारून पाकीट काढलं.

लेक अस्वलाजवळ गेली आणि तिथेही वाकली.

"ताठ," शिंपी म्हणाला.

"खरंच?"

"जेवढी आहेस तेवढी उभी राहा."

ती उभी राहिली, आणि वरवर येतच गेली. अस्वलाचा हात तिच्या कपाळाशी आला. बोटभर कसली, चांगली चार बोटं.

"अहो, ही तर केव्हाच मोठी झालीय!" गाडीवाला हसला आणि त्याने पिवळी पट्टी कापून टाकली.

शिंपी वर बघतच नव्हता. तो खाली बघत होता. जमिनीपर्यंत बेतलेला फ्रॉक वर चढला होता आणि लेकीचे बूट, त्यावरचे मोजे स्वच्छ दिसत होते.

"मी माप घेतलं, तेव्हापण वाकली होतीस?"

लेकीने मान खाली घातली. "तुम्हीच आईला म्हणालात ना, ही आणखी वाढली तर सहल बोंबलली. मग मी वाढलेच नाही."

शिंपी तिथेच तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. सवयीने त्याची बोटं फ्रॉकच्या काठाखाली गेली, आतलं कापड सोडायला. ती काठावरून एक फेरी फिरली, मग दुसरी. आत कापड नव्हतं. अख्ख्या गल्लीच्या मुलांना चार बोटं ठेवणाऱ्या त्याने आपल्या लेकीला मात्र सूतभरही जागा ठेवली नव्हती.

"काय शोधताय बाबा?"

"काही नाही." त्याने तिच्या मोज्यांवरची धूळ झटकली. "जा, बस. ताठ बस. घरी गेल्यावर दुसरा शिवतो तुला. वाढत्या अंगाचा."