आठाच्या गाडीला चाराचा बिल्ला

"आठ सिलिंडरचंच इंजिन हवं!" रंगरावांनी शोरूमच्या टेबलावर मूठ आपटली, तसं बायकोनं कोपर मारलं.

"अहो, व्याह्यांच्या गाडीला सहाचं आहे. आपण मुलीकडचे. आपली गाडी वरचढ झाली, तर टोमणे लेकीला ऐकावे लागतील."

म्हणणं खरं होतं. पण चाराचं इंजिन घ्यायला रंगरावांचा जीव धजेना. शेवटी त्यांनी घेतलं आठाचंच. फक्त गाडीच्या मागे बिल्ला चाराचा लावून घेतला.

पुढच्याच महिन्यात दोन्ही घरची मंडळी गणपतीपुळ्याला जाऊन आली. परतताना आंबा घाटाच्या चढाला व्याही पुढे, रंगराव मागे. व्याह्यांना ओव्हरटेक करायचं म्हणजे पंगतीत त्यांच्याआधी पहिला घास घेण्यासारखं! आणि व्याही तर गोगलगायीसारखे चालले होते. रंगरावांचे आठही सिलिंडर आतल्या आत कुढत होते.

"सहाचं इंजिन घेऊन हा माणूस म्हशी वळतोय की काय?" ते दात खाऊन पुटपुटले.

एका वळणावर व्याही थांबले, उतरून मागे आले आणि काचेपाशी वाकले.

"संकोच करू नका, रंगराव. तुमच्या लहान इंजिनाला चढ झेपायचा नाही, म्हणून मी मुद्दाम हळू घेतोय. माझ्याकडे दोर आहे. बांधू का?"

बायकोनं पुन्हा कोपर मारलं.

रंगरावांनी मुकाट्यानं आठही सिलिंडर बंद केले आणि हात जोडले.

"बांधा. फार उपकार होतील."