बघताक्षणी कळतं

खराडीच्या ऑफिसात चैतालीने फोटोंच्या ॲपसाठी 'डिलीट'चा आयकॉन काढला, झाकण असलेली छोटीशी कचरापेटी. तिच्यात टाकलेले फोटो महिन्याभराने आपोआप कायमचे पुसले जायचे. "बघताक्षणी कळतं, खाली लिहायची गरजच नाही," म्हणत मॅनेजरने 'डिलीट' हा शब्दही काढून टाकला. चैतालीने मोठ्या हौसेने ते ॲप धायरीला आईच्या फोनमध्ये टाकून दिलं.

वैशाखात वडिलांचं वर्षश्राद्ध आलं. हार घालायला त्यांचा एखादा हसरा फोटो हवा होता, आणि तसे फोटो फक्त आईच्याच फोनमध्ये होते. चैतालीने फोन उघडला, तर त्यांचा एकही फोटो दिसेना.

"आई, बाबांचे फोटो कुठे गेले?"

"जातील कुठं? सारखे समोर आले की रडू यायचं, म्हणून दिवाळीतच सगळे डब्यात ठेवले."

"कुठल्या डब्यात?"

आईने चष्मा सारखा केला आणि कौतुकाने त्या आयकॉनवर बोट ठेवलं.



"ह्यो काय! तू केलेला हाय, वर झाकण बी हाय. म्हणून तर बिनघोर ठेवले."