पाचातले तीन

छत्री. खिळा. मध. घोडा. शिट्टी.

तिसरा डाव, सात यार्ड बाकी.

मानेवर केस कापायचं दोन नंबरचं मशीन, कानामागे एक.

मैदानाच्या कडेला निळा तंबू. आत एक खुर्ची, एक डॉक्टर. बाहेर सत्तर हजार माणसं.

पांढरा कागद. वर ठळक अक्षरांत: कोच रिडलीला काढा. खाली दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या एकवीस सह्या. पहिली ओळ कोरी.

ती ओळ बापासाठी ठेवली होती. बाप, वेंडेल प्रुइट, भिंतीजवळच्या बाकावर बसला होता. त्याचा मुलगा डॅव्हियन खुर्चीत होता, गळ्याभोवती पट्टेरी कापड, डोळ्यांवर काळा चष्मा. उजेड सहन होत नव्हता, म्हणून न्हावी अलॉन्झोनं आरशावरचे दोन दिवे मालवले होते. बुधवार होता. रविवारी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डॅव्हियनच्या डोक्यावर समोरच्याचं हेल्मेट आदळलं होतं. तंबूत नेऊन आठ मिनिटांत त्याला परत खेळायला सोडलं, आणि तेराव्या मिनिटाला तो पुन्हा पडला तो स्ट्रेचरवरूनच बाहेर आला.

"स्टार क्वार्टरबॅकला नुसती शिंक आली असती ना, तर डॉक्टरांची पलटण धावली असती," मिस्टर पर्नेल म्हणाले. तीस वर्षं टपाल वाटून ते निवृत्त झाले होते आणि आता फक्त मतं वाटत होते. "हा पडला बचावातला राखीव लाइनबॅकर. हॉटेलातला साबण. वापरला, फेकला."

"कोच काय डॉक्टर आहे?" क्लाइड म्हणाला. तो सिटी बस चालवायचा. "डॉक्टर हो म्हणाला, यानं पाठवला. नियम म्हणजे नियम."

"अरे लेका, डेपोनं ब्रेक ठीक म्हणून कागद दिला आणि तुला पॅडल ढिलं लागलं, तर नेशील बस?"

"नेईन."

"माणसं भरून?"

"मी नाही नेली तर दुसरा नेईल. उद्यापासून तो मार्ग त्याचा."

वेंडेलनं मान खाली घातली. तो स्वतः खेळायचा तेव्हा त्यानं आपल्या कोचला खरं सांगितलं होतं: डोकं गरगरतंय. तीन सामने बाहेर बसवलं. चौथ्या सामन्याला त्याच्या जागी दुसरा होता, आणि मग कायमच दुसरा होता.

"तरी सही केलीस ना तू?" पर्नेल क्लाइडला म्हणाले.

"केली. पोरगा आपला आहे."

टीव्हीवर कोच रिडली आला. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. अलॉन्झोनं मशीन बंद केलं.

"सगळं नियमाप्रमाणे झालं," कोच म्हणाला. "डॉक्टर पाच शब्द वाचतात, खेळाडूनं ते परत सांगायचे. सगळ्यांची हीच परीक्षा हंगामाआधी, जुलैतही होते. मार लागल्यावर उत्तर जुलैपेक्षा कमी आलं, तर खेळाडू बाहेर. प्रुइटला रविवारी तीन आठवले. जुलैतही तीनच आठवले होते." त्यानं टोपी नीट केली. "मुलगा चांगला आहे. डोक्यानं जेमतेम आहे, इतकंच."

"जेमतेम?" पर्नेल उभेच राहिले. "डावांची अख्खी प्लेबुक पाठ असलेला पोरगा! शाळेत असताना माझ्या गल्लीतले सगळे घर नंबर म्हणून दाखवायचा हा! वेंडेल, ऐकलंस? सोडू नकोस त्या कोचला. ऊठ, कर सही."

क्लाइडनंच पेन आणून वेंडेलच्या हातात दिलं. वेंडेलनं टोपण काढलं. कागद गुडघ्यावर घेतला.

"पपा," खुर्चीतून डॅव्हियन म्हणाला. आवाज शांत होता, थोडा खूशही. "मी बरोबर केलं ना? तुम्ही सांगितलं होतं तसंच."

वेंडेलनं वर पाहिलं नाही.

"काय सांगितलं होतं रे पपांनी?" पर्नेलनी विचारलं.

"तीनच सांगायचे. जुलैत तीन सांगितले की पुढे कितीही लागलं तरी बाहेर काढत नाहीत." त्यानं कापडाखालून हात काढला आणि बोटं मोजली. "छत्री. मध. घोडा. यादी दर वेळी तीच असते. घरी आम्ही यावरच सराव केला होता."

टीव्हीवर आता ट्रकची जाहिरात चालली होती. क्लाइडनं टीव्ही बंद केला. पर्नेल खाली बसले. कोणी वेंडेलकडे पाहत नव्हतं, आणि सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

अलॉन्झो खुर्चीला वळसा घालून पुढे आला. डॅव्हियनसमोर वाकला. "राजा, उरलेले दोन सांग बरं. इथे कोच नाही, कोणी नाही."

डॅव्हियन आरशात बघत राहिला. त्याचे ओठ हलले, मिटले. पुन्हा हलले. कपाळावर घाम आला.

"तीनच सांगायचे असतात, अंकल," तो म्हणाला.

अलॉन्झोनं हळूच मशीन उचललं आणि चालू न करताच त्याच्या मानेवरून फिरवत राहिला.

क्लाइडनं वेंडेलसमोर हात पुढे केला. वेंडेलनं आधी पेन दिलं. कागद द्यायला त्याला वेळ लागला. पहिली ओळ कोरीच होती, फक्त सुरुवातीला शाईचा एक ठिपका.

जुलैत, याच खुर्चीत, डॅव्हियननं पाचही शब्द सांगितले होते. मग तेच उलट्या क्रमानं.