सव्वा मूठ गहू

"मुलगा वारला म्हणता, तर त्याचा दाखला असेल ना?" रंजनाने विचारलं.

शोभाबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. उत्तर मात्र गुजराती दलालाने दिलं.

"मिळेल ना बेन, दाखला मिळेल. मासी एकटी आहे. वारसबिरस कोणी नाही. एकदम क्लियर घर."

धर्मेंद्र वीस वर्षं लिंबायतमधली जुनी घरं विकत होता. लिफ्ट नसलेला चौथा मजला तो 'वारा चांगला' म्हणून खपवायचा आणि गळकी गच्ची 'तुमचीच समजा' म्हणून. मागच्या गल्लीतले यंत्रमाग धडधडत होते. त्या धडधडीने फळीवरच्या वाट्या बारीक वाजत होत्या.

रंजनाला त्या आवाजाचं काही नव्हतं. भिंतीला धरलेल्या ओलीचंही नव्हतं. घर ती पहिल्यांदाच बघत होती, पण त्याच्याबद्दल ऐकून पुष्कळ होती. घर तिला हवं होतं. अडत होतं एकाच ठिकाणी. या घरावर मुलाचा हक्क उरलाय की नाही, हे आज कळायला हवं होतं. ते कळल्याशिवाय ती जिना उतरणार नव्हती.

"कधी वारले?"

"बारा वर्षं झाली."

"कशाने?"

"मला तो मेला," शोभाबाई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढला नाही. "एवढ्यावर भागत नाही का तुमचं? चला, स्वयंपाकघर बघून घ्या."

श्रावणातला रविवार होता. बाहेरच्या खोलीत चौरंगावर खानदेशातली कुळदेवी कानबाई बसवली होती. नारळाला नथ, वर हिरवी ओढणी. आत शिरतानाच रंजनाने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले होते. आता पुन्हा जोडले आणि ती आत वळली.

स्वयंपाकघरात भरदुपारी अंधार. धर्मेंद्र भिंत चाचपडू लागला. "मासी, बटन कुठे लपवलंय?"

रंजनाने दाराच्या मागे, पार कमरेखाली हात घातला आणि खटका दाबला. दिवा लागला.

शोभाबाईंनी त्या खटक्याकडे पाहिलं. मग रंजनाकडे.

परातीत स्वच्छ फडक्याखाली कानबाईच्या नैवेद्याचे गव्हाचे जाड रोट ठेवले होते. खरपूस वास सुटला होता. धर्मेंद्रने नाक वर केलं. "मासी, एक आपल्याला पण होऊन जाऊ दे."

"खीर घे, भजी घे. रोट नाही मिळायचा."

"का? मी उपाशी बरा दिसतो?"

"कानबाईचा रोट कुळाबाहेर जात नाही रे बाबा. उरला तर जमिनीत पुरायचा, पण परक्याच्या हातावर ठेवायचा नाही."

"वीस वर्षं मासी मासी करतोय आणि मी परका?"

"तू दलाल," शोभाबाई म्हणाल्या. धर्मेंद्र खदखदून हसला.

रंजना हसली नाही. तिची नजर परातीवर होती. "रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात ना?"

"तुम्ही खानदेशच्या वाटतं."

"धरणगावची. आमच्या आळीत गेलेल्या माणसाच्या नावाचे गहू काढत नाहीत."

"कुठेच काढत नाहीत."

"तुमचे मालक नाहीत. मुलगा वारला." रंजनाने परातीकडे बोट केलं. "मग हे गहू कुणाच्या नावाचे?"

धर्मेंद्रचं हसू ओसरलं. फडक्याचं टोक सारखं करता करता शोभाबाईंचा हात थांबला.

"बेन, हा देवाधर्माचा मामला," धर्मेंद्र घाईने म्हणाला. "कागदाशी त्याचा काय संबंध?"

"धर्मेंद्र, यांना गच्ची दाखवायची राहिली," शोभाबाई म्हणाल्या. "चावी खालच्या मजल्यावरच्या वाल्मिककडे आहे. घेऊन ये."

"आत्ता? चार जिने?"

"वारा चांगला आहे."

तो कुरकुरत उतरला. शोभाबाई गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. रंजना मागोमाग गेली. आपण फार पुढे गेलो, आता म्हातारी हाकलून देईल, असं तिला वाटलं.

खाली साडीच्या दुकानासमोर एक रिक्षा उभी होती. चालकाने तोंडाला रुमाल बांधला होता. तो खाली मान घालून बसला होता, एक पाय सीटवर दुमडून.

"मघापासून उभी आहे," शोभाबाई म्हणाल्या.

"माझीच आहे. थांबायला सांगितलंय."

"तुमचे मालक नाही आले घर बघायला?"

"मी आधी बघून सांगेन म्हटलं. मग ते येतील." रंजनाने कठडा घट्ट धरला. "बाई, माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. मुलगा जिवंत असेल तर मला या घराचा व्यवहार करता येणार नाही."

शोभाबाई कठड्यावरून वाकल्या. त्या रिक्षाकडे बघत राहिल्या, बराच वेळ. रिक्षातल्या माणसाने पाय बदलला, दुसरा दुमडला. त्या वळल्या आणि आत गेल्या. चौरंगापाशी क्षणभर थांबल्याचं रंजनाला दिसलं. मग परात सरकल्याचा आवाज आला.

जिन्यावर धर्मेंद्रच्या चपला वाजू लागल्या. चाव्यांचा जुडगा खुळखुळत वर येत होता. रंजनाने पर्स उचलली. तिला आता इथे उभं राहवत नव्हतं.

शोभाबाई तिच्यासमोर आल्या. हातात फडक्यात बांधलेले तीन रोट होते. इतका वेळ 'अहो-जाहो' करणाऱ्या त्या बाईने ती पुरचुंडी रंजनाच्या पदरात टाकली आणि घरच्या बोलीत म्हणाली,

"एक तुना. दोन, खाले रिक्षामा जो बठेल शे, त्याले दे. न्हानपनपासून त्यानं एकमा भागत नही."